ओढ घेणारी स्लेड

ऑडेट बेलांजरला आपल्या नवऱ्याजवळ एक अख्खी दुपार बसायचं होतं. एवढंच. पण त्या हिवाळ्यात आमच्या बेटावर याच्याइतकं अवघड मागणं दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

तिचा नवरा ल्युशन. रोझिए बेटावरच्या निम्म्या घरांची छपरं त्याच्या हातची. पानगळीच्या दिवसांत एका दुपारी तो शिडीवरून उतरला, जरा टेकतो म्हणून जमिनीवर बसला, तो उठलाच नाही. अर्धांगवायू. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. पलीकडच्या किनाऱ्यावर, पोर्ट लव्हालच्या शुश्रूषागृहात त्याला ठेवलं. बोटी चालू होत्या तोवर ऑडेट शाळेचं स्वयंपाकघर आवरून रोज दुपारच्या बोटीनं जायची आणि शेवटच्या बोटीनं परत यायची. मी त्याच शाळेत शिकवते. भांडी विसळलेल्या ओल्या हातांनी कोट चढवत ती धक्क्याकडे पळायची, ते माझ्या वर्गाच्या खिडकीतून दिसायचं.

मग सरोवर गोठायला लागलं आणि बोटी बंद झाल्या. बर्फ माणसाचं वजन पेलण्याजोगा होईपर्यंतचे आठवडे आमच्याकडे फार वाईट. ना इकडचे, ना तिकडचे. छोटं विमान येतं, पण वारा असला की येत नाही, आणि वारा नसलेला दिवस आमच्या बेटावर पंचांगात शोधावा लागतो.

नाताळ झाला. घराघरांतली नाताळची झाडं गोळा झाली. बर्फात भोकं पाडून ती पार पोर्ट लव्हालपर्यंत एकामागोमाग रोवली, आणि वाट सुरू झाली. धुकं असो, बर्फ पडत असो, झाडं धरून गेलं की माणूस चुकत नाही. दरवर्षी हे काम ल्युशन आणि त्याचा धाकटा भाऊ हर्शेल करायचे. ल्युशन मागे उभा राहून एक डोळा मिटून ओळ धरायचा, हर्शेल भोकं पाडायचा. यंदा हर्शेलनं गावातली चार माणसं हाताशी घेऊन काम उरकलं आणि ओळ मध्यावर कोपरात मोडल्यासारखी वाकली.

"हर्शेल, ही वाट पोर्ट लव्हालला जाते का थेट कॅनडात?" लोक विचारायचे.

"घाई असेल तर तू सरळ जा," तो म्हणायचा. "मधला बर्फ पातळ आहे का ते खाली पोचलास की कळव."

लोक हसायचे. हर्शेल मात्र हसायचा नाही.

वाट सुरू झाली तसं ऑडेटला कुणाच्या तरी स्लेडवर, म्हणजे बर्फावरच्या इंजिनाच्या गाडीवर, मागे बसून जाता येऊ लागलं. बहुतेक ग्वेन पाकिन न्यायची, दुकानात जाता जाता. ग्वेन मनानं चांगली, पण तिचं चित्त सदा घड्याळात. ऑडेट ल्युशनच्या खोलीत जाऊन टोपी काढते, त्याची उशी सारखी करते, त्याचा चांगला हात हातात घेते, तोच दारात पिशव्यांचा आवाज. "ऑडेट, निघायचं हं. माझी कोंबडी गोठायच्या आत."

ल्युशनला तेव्हा एकच शब्द येत होता. झटक्यानं बाकीचे सगळे पुसून टाकले होते, आणि हा एक कसा कोण जाणे राहिला होता: "उद्या." पाणी हवं असलं तरी उद्या, राग आला तरी उद्या. ऑडेट उठून मफलर गुंडाळायला लागली की तो तिच्याकडे बघून म्हणायचा, "उद्या?" त्याला काय म्हणायचं असेल ते देव जाणे. ती मात्र मान हलवायची आणि परतीच्या वाटेवर ग्वेनच्या पाठीमागे तोंड लपवून रडायची. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतंच, त्यामुळे कुणाला सांगावं लागत नाही.

ल्युशनची स्वतःची स्लेड घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. जुनी, जड, जिद्दी. ऑडेट बेटावर ती थोडीफार चालवायची, पण बर्फाच्या वाटेवर कधी नव्हती गेली. ती वाट वेगळी. दिवसभर स्लेड जातात. प्रत्येक स्लेडच्या पुढच्या दोन स्कींखाली, म्हणजे चाकांच्या जागी असलेल्या लांब घसरपट्ट्यांखाली, पोलादी पाती असते, ती बर्फ चिरत जाते. रात्रीत त्या चिरा गोठून दगडासारख्या होतात. दुसऱ्या दिवशी तुमची पाती त्यातल्या एखाद्या चिरेत शिरली की हँडल तुमचं राहत नाही. स्लेड एकदम डावीकडे झेपावते, ती चीर संपली की उजवीकडची पकडते. आमच्याकडे म्हणतात, स्लेड ओढ घेते. ल्युशनचे दंड ते सहज सोसायचे. ऑडेटचे कसे सोसणार?

तरी एका शनिवारी ती कुणाला न सांगता निघाली. पहिली काही झाडं बरी गेली. पुढे स्लेडनं असा हिसका दिला, की ऑडेट एकीकडे आणि स्लेड दुसरीकडे, एका झाडाला घेऊन आडवी. मनगट मुरगळलं. ती तिथेच बर्फावर बसून राहिली. पोर्ट लव्हालच्या चर्चचा कळस समोर दिसत होता, इतका जवळ. पण ती मागे वळली, आणि ढकलत, ओढत, मधूनमधून चालवत स्लेड धक्क्यावर घेऊन आली.

धक्क्यावर हर्शेल उभा होता.

"वहिनी, झाड पाडलंस ना माझं?"

"तुझं झाड वाटेत होतं."

"झाड वाटेतच असतं. त्यासाठीच रोवतात." मग त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. "दाखव."

"काही नाही झालेलं."

"विकून टाक ही स्लेड. तुला कुठं जायचं असेल तिथं मी नेईन."

"नेशील? पोर्ट लव्हालला? ल्युशनकडे?"

हर्शेलनं स्लेडवरचा बर्फ झटकायला घेतला. ल्युशनला तिकडे नेल्यापासून तो एकदाही भावाला भेटायला गेला नव्हता. कधी बोट ओढून ठेवायची होती, कधी पाठ धरली होती, कधी काही.

"तिथल्या धक्क्यापर्यंत नेईन," तो म्हणाला.

"आणि मी आत असेन तोवर तू बाहेर बर्फात उभा राहणार. गाडीच्या घोड्यासारखा. नको बाबा. मला दुसऱ्या कुणाच्या घड्याळावर जायचंच नाहीये. मला तिथं बसायचंय, हर्शेल. अंधारून येईपर्यंत बसायचंय."

हर्शेलनं तिच्याकडे पाहिलं नाही. "स्कीला दुहेरी पाती लावतात हल्ली," तो स्लेडकडे बघत म्हणाला. "ओढ कमी होते म्हणे. तू मागव. लावायचं मी बघतो."

वारा पडला त्या दिवशी विमान आलं आणि टपालातून खोकं आलं. हर्शेलच्या बोटीच्या शेडमध्ये त्यांनी स्लेडचं तोंड ठोकळ्यांवर उचलून ठेवलं. शेगडी पेटवली होती, तरी श्वासाची वाफ दिसत होती. मीही तिथं होते, शाळेतून वाटाण्याच्या सुपाचा डबा घेऊन गेले होते, आणि मग दिवा धरायला थांबले.

जुन्या पात्यांचे नट गंजून स्कीशी एकजीव झाले होते. हर्शेलनं तेल सोडलं, वाट पाहिली, शिव्या दिल्या, पुन्हा तेल सोडलं. शेवटी एक नट करवतीनं कापावा लागला. सुटलेली पाती त्यानं हातात धरून पाहिली. मधोमध झिजून ती विळ्यासारखी झाली होती.

"दादा गेल्या वर्षीच बदलणार होता," तो म्हणाला.

ऑडेटनं नवी पाती उचलली. एकाच तळपट्टीवर दोन धारा, शेजारीशेजारी, मध्ये बोटभर जागा. "दोन असल्यानं काय होतं?"

"एकटी पाती चिरेत बसली की बसली. दोन असल्या म्हणजे एक चिरेत घसरायला लागली की दुसरी बाहेर राहून तिला धरते. दोघी मिळून सरळ जातात."

"म्हणजे लग्नासारखं."

"ते मला काय माहीत? माझी पहिल्या चिरेतच निघून गेली."

ऑडेट खूप दिवसांनी खळखळून हसली. मग तिनं त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "आता मला शिकव. मी आवळते."

"मनगट?"

"डावं बरं आहे. वाटेत सैल झालं तर तू येणार आहेस का आवळायला?"

त्यानं सांगितलं तसं तिनं केलं. पातीचे बोल्ट स्कीच्या भोकांतून खालून वर घातले, वरून वायसर आणि नवे नट चढवले, मधून सुरुवात करून टोकांकडे आवळत गेली. स्की जिथं स्लेडच्या पायाला जोडलेली असते तिथं एक रबराचा ठोकळा असतो. हर्शेलनं त्याच्या मागच्या भागाखाली पातळ पट्टी सरकवली. म्हणजे स्कीचं नाक किंचित उचललेलं राहतं आणि प्रत्येक चिरेचा वास घेत फिरत नाही. दुसरी स्की ऑडेटनं एकटीनं केली. हर्शेल उलट्या बादलीवर बसून सूप पीत बघत राहिला. एकदाच म्हणाला, "अर्धा फेरा अजून."

रविवारी ती निघाली. स्लेड आता हिसके देत नव्हती, झेपावत नव्हती. थोडी डुलत होती, वेग वाढवला की नाक हलवत होती, पण हातात राहत होती. ऑडेट हळू, ओठ आवळून, झाडामागून झाड गाठत गेली. वाट वाकते तिथं तीही वाकली. पोर्ट लव्हालच्या धक्क्यावर इंजिन बंद केलं तेव्हा, तिनंच मला सांगितलं, तिला हँडलवरून हात सुटेनात.

ल्युशन खुर्चीत बसलेला होता. तिनं टोपी काढली, उशी सारखी केली, त्याचा हात हातात घेतला. शाळेतली गंमत सांगितली, हवा सांगितली, कुत्र्याचं सांगितलं. बोलून झालं. समोर अख्खी दुपार पडली होती, आणि तिच्याजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ल्युशन खिडकीकडे बघत होता. इतके दिवस जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती दुपार हातात आली, आणि ऑडेटला वाटलं, ग्वेन आली असती तर बरं झालं असतं. त्या विचारानंच तिला भरून आलं.

मग तिला स्लेड आठवली. "ल्युशन, मी तुझी स्लेड घेऊन आले. एकटी."

त्यानं मान वळवली.

"दुहेरी पात्या लावल्या. मी लावल्या. हर्शेल बादलीवर बसून नुसता बघत होता. आता ओढ घेत नाही फारशी. जरा डुलते मात्र."

ल्युशनचा डावा हात उठला. समोरच्या मेजावर जेवणाचं ताट होतं, त्यातला चमचा त्यानं ओढला. मग बोटानं ऑडेटकडे मागणी केली. तिला कळेना. "पाणी? सूप?" "उद्या!" तो ओरडला. ताटात दुसरा चमचा होता, तोच तो दाखवत होता. तिनं तो दिला. त्यानं दोन्ही चमचे शेजारीशेजारी ठेवले, दोन स्की असतात तसे. मग तर्जनीनं एकाचं पुढचं टोक केसभर बाहेर ढकललं. दुसऱ्याचंही. आणि तिच्याकडे बघितलं.

"स्की पुढून बाहेर हव्यात? किंचित?"

त्यानं डोळे मिटले आणि उघडले.

"माझ्या स्की आत वळल्यात म्हणून डुलते?"

पुन्हा डोळे मिटले. मग त्यानं एक चमचा उचलून मेजावर आडवा पाडला आणि भुवई वर केली.

ऑडेट लाजली. "हो, पडले होते. तुला कुणी सांगितलं?"

ल्युशन हसला. अर्ध्या चेहऱ्यानं, पण आवाज काढून. नर्स दारातून डोकावून गेली. त्यानंतर अंधारून येईपर्यंत त्या दोघांनी मेजावर किती काय काय मांडलं: मिठाची डबी म्हणजे इंजिन, रुमाल म्हणजे स्लेड पुढे ढकलणारा मागचा पट्टा, त्याची गोळ्यांची वाटी म्हणजे खुद्द ऑडेट. ती चुकीचं बोलली की तो "उद्या!" म्हणून खेकसायचा, बरोबर बोलली की डोळे मिटायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण यंत्राविषयी ती दोघं कधी इतका वेळ बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं हर्शेलला गाठलं. "स्की आत वळल्यात. मी पडले तेव्हा स्की वळवणारा दांडा वाकला असणार. पुढून किंचित बाहेर हव्यात."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या भावानं."

हर्शेलच्या हातातली दोरी तशीच राहिली. "तो बोलला?"

"चमच्यांनी बोलला."

शेडमध्ये त्यांनी दोन्ही स्कींच्या नाकांना ताणाची रबरी दोरी बांधली, म्हणजे सांध्यांतलं ढिलेपण निघून जातं. मागच्या पट्ट्याला लांब सरळ फळी लावून पाहिली. डावी स्की खरंच आत वळली होती, तीही डोळ्यांना दिसेल इतकी. हर्शेल वाकून बघतच राहिला.

"मला दिसायला हवं होतं हे," तो म्हणाला. "इथं माझ्यासमोर होती स्लेड. आणि तो तिथं खुर्चीत बसून..." बादली ओढून तो बसला आणि हातमोज्यानं तोंड झाकलं.

ऑडेटनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तिनं पाना उचलला. "दांड्याचा नट कुठल्या बाजूला फिरवायचा, तेवढं सांग."

हातमोज्याआडूनच तो म्हणाला, "डावीकडे." मग म्हणाला, "शनिवारी मला मागे बसव, वहिनी."

"तुझ्या स्वतःच्या स्लेडला काय झालं?"

"तिच्यावर बसलो तर मी मध्यावरून परत फिरेन. स्वतःला ओळखतो मी."

म्हणून शनिवारी आमच्या अख्ख्या बेटानं पाहिलं: ऑडेट बेलांजर पुढे, आणि तिच्या मागे, तिच्या कंबरेला धरून, एवढा थोरला हर्शेल. ग्वेन धक्क्यावरून ओरडली, "हर्शेल, घट्ट धर रे, पडशील!" स्लेड बाणासारखी सरळ गेली. चिरा होत्याच; ती त्यांच्यावरून नुसती गुणगुणत गेली.

खोलीच्या दारात हर्शेल टोपी चुरगळत उभा राहिला. ल्युशननं वर पाहिलं.

"उद्या," तो मोठ्यानं म्हणाला. "उद्या. उद्या."

"उद्या कशाला दादा?" हर्शेल म्हणाला. "आज आलोय ना."

मग तो गुडघ्यांवर बसला, आणि ल्युशननं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. ऑडेट खिडकीशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं तिच्या कानावर हर्शेलचा आवाज पडला: "यंदा ओळ वाकडी आली. लोक हसतात मला." आणि ल्युशनचं ते अर्धं हसू.

त्या हिवाळ्यात मग शनिवार-रविवार ती गेलीच, आणि वारा नसला तर मधेही एखाद्या दिवशी. पण बर्फ काही कुणाचा सखा नाही. मार्चमध्ये दक्षिणेचा वारा सुटला. बर्फाचा रंग काळवंडला, वर पाणी साचू लागलं. बोटी सुरू व्हायला अजून कितीतरी आठवडे होते. ल्युशन खिडकीतून सरोवराकडे बघत राहायचा. त्याला हे आमच्याइतकंच कळत होतं. ऑडेट निघायला उठली की तो आता काही म्हणायचा नाही. नुसता तिच्या कोटाचं बटण चिमटीत धरून ठेवायचा.

एका सकाळी ती शाळेत आली ती पेटी घेऊनच. "मी तिकडे राहते," मला म्हणाली. "बेकरीच्या वरची खोली मिळाली आहे. पोरांच्या जेवणाचं काय करायचं ते मला ठाऊक नाही. मी वाईट बाई आहे म्हण, काही म्हण."

तिच्या मागे हर्शेल उभा होता. "जेवण मी करतो," तो म्हणाला.

"तुला येतं काय?"

"सूप."

त्यानं तिला पोचवलं आणि स्लेड घेऊन परत आला. त्या वर्षी त्या वाटेवरून परतणारा तो शेवटचा. मग पोरांनी वाटाण्याचं सूप खाल्लं, दुसऱ्या दिवशी वाटाण्याचं सूप खाल्लं, आणि तिसऱ्या दिवशीही. तक्रार केली तर म्हणायचा, "यात आज मीठ वेगळं आहे."

ऑडेट तिकडून टेलिफोन करायची. ल्युशन बरा आहे म्हणायची. काठीनं चार पावलं टाकतो म्हणायची. आणि मग विचारायची, माझ्या अंगणातला बर्फ वितळला का? दाराजवळचे कंद फुटले का? मेपलच्या झाडांच्या रसाचा पाक कुणी केला का यंदा? मी सगळं सांगायची. नवऱ्याजवळ बसायला मिळालं होतं तिला, आणि आता घर दुरावलं होतं. एकाच किनाऱ्यावर दोन्ही मिळावं असं तिच्या नशिबी नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, बेटावर दवाखाना नाही, याला तिथं ठेवता येणार नाही. तिनं ते मान्य केलं होतं. तरी विचारायची, कंद फुटले का.

जूनमध्ये एका रविवारी तिनं त्याला घरी आणलं, एका दिवसापुरतं. सकाळच्या बोटीतून हर्शेलनं त्याची चाकाची खुर्ची उतरवली. लोक वाटेवर उभे होते. ल्युशन प्रत्येक छपराकडे मान वर करून बघत होता. घरी ऑडेटनं ताजा मासा तळला, हर्शेलला सूप करू दिलं नाही. जेवणानंतर ल्युशननं आतल्या खोलीकडे बोट केलं, म्हणून त्याला त्याच्या स्वतःच्या पलंगावर निजवलं. तो भिंतीकडे तोंड करून लगेच झोपला, अगदी पूर्वीसारखा. ऑडेट त्याच्या शेजारी आडवी झाली. खिडकी उघडी होती, लायलॅकच्या फुलांचा वास आत येत होता. तिनं डोळे मिटले नाहीत. त्याची पाठ वरखाली होताना बघत ती तशीच पडून राहिली, आणि बोटीची वेळ झाली तेव्हा तिनंच त्याला हलकेच हलवून उठवलं.